मखरातली लाल कण्हेर

मी एक जुनी कण्हेर आहे. लाल फुलांची. पुण्यात शुक्रवार पेठेत, दिगंबरपंत कारकुनांच्या परसात मी उभी असते. मित्रांनो, आम्हा झाडांची खोड अशी, की कुणी भेटलं की आधी आपली फुलं पुढे करायची. मला तर ती खोड फारच! पण आज मी फुलं दाखवणार नाही. आज मला मान खाली घालूनच बोलायचं आहे.

मी लहानपणी नुसती एक काडी होते. पर्वतीच्या पायथ्याशी बायडाबाई माळणीचा मळा होता, तिथली. बायडाबाई रोज सकाळी फुलांची पाटी घेऊन पेठेत यायची. एकदा पाटीच्या तळाशी मी राहून गेले. तिने मला उचललं आणि दिगंबरपंतांच्या बायकोच्या, म्हणजे मैनाच्या आईच्या हातात दिलं. "घ्या वैनी, कुठंबी खोचा. लई चिवट हाय ती. जगत्येच!"

आणि मी जगले की! पेशव्यांनी आणलेलं कात्रजच्या तळ्याचं पाणी तेव्हा पेठेतल्या हौदांत नुकतंच येऊ लागलं होतं. लोकांना त्या पाण्याचं एवढं कौतुक, की माझ्या मुळाशीसुद्धा कुणी ना कुणी तांब्या ओतून जायचं. मी भराभरा वाढले, कुंपणापेक्षा उंच झाले. मग फुलांचा असा बहर आला, की परसात येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघायचा आणि मग घरच्या माणसांकडे. देवपूजेला माझी फुलं, तुळशीला माझी फुलं. शेजारच्या मथुराबाईंनाही रोज सकाळी हवी असायची माझीच फुलं.

या मथुराबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचं बिऱ्हाड आणि दिगंबरपंतांचं घर, दोघांना मिळून हे एकच परस. मथुराबाईंचे यजमान उत्तरेच्या मोहिमेवर गेलेले. बरेच महिने खबर नाही. घरात त्या एकट्या. जीभ अशी तिखट, की त्यांच्या ओट्यावर मिरच्या वाळत घालायची गरजच नव्हती. त्यांचं खरं भांडण होतं ते बगळीशी. बगळी म्हणजे मैनाची मांजर. बगळ्यासारखी पांढरीशुभ्र, आणि चाल अशी, जशी पेठ तिच्या नावावर करून दिली आहे. मथुराबाईंचं दूध तिने कितीदा तरी लंपास केलं होतं.

"मैने, सांभाळ तुझ्या महाराणीला!" मथुराबाई ओरडायच्या. "एक दिवस अफू घालीन हो दुधात!"

"काकू, मग ती आणखी झोपा काढेल!" मैना ओट्यावरून म्हणायची. दहा वर्षांची पोर, पण उत्तर कायम तयार.

सगळ्या आळीने ते अफूचं बोलणं ऐकलेलं होतं. हसण्यावारी नेलेलं होतं.

माझं विष मात्र कुणी हसण्यावारी नेत नसे. हो, मित्रांनो, मी विषारी आहे. पान, फूल, साल, मूळ, सगळी. गाईम्हशी मला तोंड लावत नाहीत. मैनाची आई तिला रोज बजावायची, "कण्हेर तोडलीस ना? हात धू आधी." म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सगळे अगदी खात्रीने सांगायचे, की मुक्या जनावराला उपजतच कळतं काय खावं आणि काय नाही. बगळी माझ्या सावलीत लोळायची, माझ्या बुंध्यावर नख्या घासायची, पण पानाला कधी तोंड लावत नसे. मलाही वाटायचं, कळतं हं हिला! केवढी शहाणी!

तिला काही कळत नव्हतं. माझ्या पायाशी दूर्वांचा दाट पट्टा होता आणि ती त्या दूर्वा खायची, एवढंच खरं होतं. मांजराला पोट साफ करायला हिरवं लागतं. ते तिला हाताशी मिळत होतं, म्हणून ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग भाद्रपद आला. त्या वर्षी बगळीला दोन पिल्लं झालेली. गणपतीच्या आदल्या दिवशी आईने मैनाला दूर्वा आणायला पाठवलं. देवाला एकवीस दूर्वांच्या जुड्या लागतात, आणि मैनाला तर शेजारीपाजारीही वाटायच्या होत्या. तिला वाहवा हवी होती. तिने माझ्या पायाशी बसून एक एक काडी खुडली. शेवटी पट्टा बोडका झाला, नुसती माती उरली. बगळी शेजारी बसून बघत होती. मैनाने एकदा हात थांबवला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "देवाचं काम आहे गं. तुला पुन्हा उगवतील."

मग ती माझ्याकडे वळली. मखराला फांद्या हव्या होत्या. मी किती आनंदाने दिल्या म्हणून सांगू! देवाच्या भोवती मी! ओटीवर चौरंग मांडला होता. मैनाने फुलांनी लगडलेल्या माझ्या फांद्या त्याच्या चारही बाजूंनी बांधल्या, अगदी जमिनीला टेकतील अशा. येणारा जाणारा म्हणायचा, "काय मखर केलंय पोरीने!" दिगंबरपंतांनी पाठीवर हात ठेवला. मैना फुलली, मीही फुलले.

चतुर्थीला सकाळी मथुराबाई परसात आल्या. सणाचा दिवस, त्यात लेकुरवाळी मांजर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू काही चोरीच करताहेत, आणि करवंटीत दूध ओतून बगळीपुढे ठेवलं. "पी बये. आज तरी चोरून नको," म्हणाल्या. बगळीने करवंटी चाटून पुसून साफ केली.

दुपारी बगळी ओटीवरून परसात आली ती झोकांड्या खात. तोंडातून लाळ गळत होती. ती ओकली. माझ्या पायाशी, जिथे काल दूर्वा होत्या त्या मातीत, तिने दोनदा हुंगलं. मग त्या करवंटीशेजारी आडवी झाली. मैना ओरडत आली, तिने तिला मांडीवर घेतलं, पाणी पाजायला बघितलं. उन्हं उतरायच्या आत बगळी गेली.

फुलांचे हार पोचवायला बायडाबाई आली होती. तिने मांजर पाहिलं, करवंटी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! काकूंनी घातलंच म्हना की अफू! सणाच्या दिशी मांजर मारलं! सोन्याचं मांजर करून काशीला वाहिलं तरी फिटत न्हाई म्हनत्यात हे पाप!"

एवढं पुरलं. संध्याकाळच्या आरतीला ती गोष्ट घरोघर पोचली होती. मथुराबाई दारात येऊन एकदाच म्हणाल्या, "मी दूध घातलं. नुसतं दूध." लोक दारावरून पुढे निघून गेले. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आणि मैना? आरती झाल्यावर ती परसात आली. परकराच्या ओच्यात काहीतरी होतं. तिने ते घाईघाईने माझ्या बुंध्याशी टाकलं आणि वर पाचोळा लोटला. मित्रांनो, आपलं पान झाडाला ओळखू येतं. ती माझी पानं होती. मखराच्या खालच्या बाजूची, चावून चावून चिंधड्या झालेली, त्यावर बारीक दातांच्या खुणा.

मैनाला कळलं होतं. मला कळलं होतं. मला तोंड नव्हतं. तिला होतं आणि ती गप्प होती. का गप्प होती, तेही मला समजत होतं. बोलली तर ज्या मखराची एवढी वाहवा झाली, त्याच मखराने बगळीला मारलं हे कबूल करावं लागणार होतं. त्या रात्री वाऱ्याने माझी फुलं मथुराबाईंच्या ओट्यावर पडत राहिली आणि मला वाटत होतं, कुणीतरी ती तिथून झाडून टाकावीत.

गौरी आल्या. दरवर्षी गौरीच्या जेवणाला मथुराबाई या घरात पहिल्या सवाष्ण असायच्या. पान वाढलं की मैना परसातून हाक मारायची, "काकू, चला!" नवरा मोहिमेवर असलेल्या बाईला सवाष्ण म्हणून बोलावणं म्हणजे काय, ते आमच्या पेठेतल्या बायकांना विचारा. त्या बोलावण्यातच आशीर्वाद असायचा, की तुझा माणूस सुखरूप आहे, परत येणार आहे.

त्या दिवशी मथुराबाई न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. आत पुरणाचा वास सुटलेला. घरातून आईचा आवाज आला, "मैने, मथुरावहिनींकडे जायचं नाही आज. त्यांच्या जागी आम्ही दुसऱ्या बाई सांगितल्यात."

ते मथुराबाईंनीही ऐकलं. त्या उठल्या नाहीत. नुसत्या हातातल्या बांगड्या मागेपुढे करत राहिल्या.

मैना परसाच्या दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाचोळा उकरला, ती चिंधड्या झालेली पानं काढली आणि थेट मथुराबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, बगळीने ही खाल्ली. मखरातली. सगळ्या दूर्वा मीच खुडल्या, तिला काही ठेवलं नाही. तुमच्या दुधाने नाही झालं काही."

मथुराबाईंनी पानांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला काय सांगतेस? मी काही घातलं नाही हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

मैना आत गेली. पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. आधी तिचा आवाज, कापणारा, पण मोठा, सगळ्या पंगतीला जाईल असा. मग आईचा, "काय म्हणतेस?" वाढण्याचा आवाज थांबला होता.

दिगंबरपंत सोवळ्यातच परसात आले. कधी कुणापुढे मान न झुकवणारा माणूस, पण माझ्यासारखाच खाली बघत उभा राहिला. "वहिनी, चुकलं आमचं. पान वाढलंय. चला."

"येते," मथुराबाई म्हणाल्या. "पण आधी ते मखर उतरवा."

"देवाचं मखर? मध्येच?"

"भावजी, देवाला उघड्यावर बसायची लाज नाही वाटायची. पण बगळीची पिल्लं कालपासून त्याच चौरंगाखाली खेळताहेत. मी माझ्या दारातून बघतेय. इथे माझ्याशी बोलायलाच कुणी तयार नव्हतं, सांगू कुणाला?"

दिगंबरपंत धावले. मैना त्यांच्याही पुढे. मला मागून कळलं, पिल्लं सुखरूप होती. एकाच्या पंजात माझं फूल होतं आणि ते उलटंपालटं होऊन त्याच्याशी खेळत होतं. मैनाने ते फूल त्याच्याकडून काढून घेतलं, त्याचं तोंड पुसलं आणि तिथेच बसून रडायला लागली. मग घरादाराने मिळून माझ्या फांद्या सोडल्या. गणपती नुसत्या चौरंगावर बसला आणि मथुराबाई पंगतीत पहिल्या पानावर बसल्या. "पुरण गार झालंय," एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मला तोडायची गोष्टही निघाली होती, दिगंबरपंतांनी कोयता काढलेला. मथुराबाईंनीच अडवलं. "झाड का आपल्या पायांनी ओटीवर आलं होतं? आपणच नेलं ना?" म्हणाल्या. मैना आता रोज माझा पाचोळा झाडते, पडलेलं एकेक फूल उचलते, आणि मगच पिल्लांना परसात सोडते. देवाला माझी फुलं जातात ती उंच फळीवरून, वर झाकण ठेवून. पिल्लांसाठी ओट्यावर उन्हात एका पसरट कुंडीत तिने दूर्वा लावल्या आहेत. त्यातली काडी गणपतीलाही मिळत नाही.

या वर्षी मला पूर्वी कधी आला नव्हता असा बहर आला आहे. लोक थांबून बघतात. मला आवडत नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण एकेक फूल उमलताना मला ती झोकांड्या खाणारी पांढरी मांजर दिसते.

म्हणून मित्रांनो, मी तुमच्याकडे एकच मागते. मला तोडू नका, असं नाही म्हणत, मला ओळखा. तुमच्या अंगणात, गच्चीत, कुंडीत कोण कोण आहे, ते नीट विचारून घ्या. आमच्यातल्या बऱ्याच जणी दिसायला सुंदर आहेत आणि पोटात घातक. घरात मांजर असेल, तर आम्हाला तिच्यापासून लांब ठेवा आणि तिचं हिरवं तिला वेगळं द्या. आणि जनावराला उपजतच कळतं, असं कृपा करून म्हणू नका. त्याला भूक कळते, खेळ कळतो. विष तुम्हाला कळतं. तुम्हीच सांभाळा.