माझ्यापुढे कधी पडला नाही

माझा नवरा आर्त्तू खरं हसला की पडतो. खोटं हसला तर काही होत नाही. साहेबाच्या विनोदावर तो अर्धा तास ही-ही करत ताठ उभा राहील. पण आतून हसू फुटलं की आधी मान लटकते, मग गुडघे जातात आणि माणूस जमिनीवर. मिनिटभर तसाच पडून असतो. सगळं ऐकू येतं, बोलता मात्र येत नाही. मग उठतो आणि कपडे झटकतो. झोपेचा आजार आहे हा, त्यातलंच हे पडणं. तेरा वर्षांचा असताना शाळेत रांगेत उभं करून स्वाइन फ्लूची लस टोचली, आणि पुढच्या काही महिन्यांत हा वर्गात बसल्या बसल्या झोपायला लागला. तशी बरीच मुलं निघाली. पुढे सरकारनं मान्य केलं, की हो, हे लशीमुळेच, आणि भरपाई दिली. आमच्या फिनलंडमध्ये सरकार चुकलं तर कबूल करतं. नवरे करत नाहीत.

आता मला सांगा, सहा वर्षांच्या संसारात असा नवरा बायकोपुढे एकदाही पडला नसेल, तर तिनं काय समजायचं?

मी हेन्ना, सावो भागातली. आमच्याकडे माणूस बोलायलाच जन्माला येतो. इइसाल्मीच्या बाजारात माझा ठेला आहे. राय नावाच्या धान्याच्या पावात मासे भरून भाजते आणि विकते, पण लोक पावापेक्षा माझं तोंड ऐकायला येतात. गेल्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्याची हसता हसता कवळी निसटून माझ्या लोण्यात पडली. आणि घरी? मी जरा रंगात आले की हा उठतो. "सरपण आणतो," म्हणतो आणि बाहेर. लग्नाआधीही तेच. पाव घ्यायचा, मी बोलायला लागले की पाठ फिरवून कुणाच्यातरी गाडीमागे पसार व्हायचा. मला वाटायचं, बिचारा लाजाळू आहे. लाजाळू कसला. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

हे सगळं मी गिळलं असतं. पण सुवी आहे ना.

सुवी त्याच्या वर्गातली. त्याच दिवशी, त्याच रांगेत टोचलेली, तिलाही तोच आजार. हे सगळे भरपाईवाले दरवर्षी ऑगस्टमध्ये तळ्याकाठचं एक घर भाड्यानं घेतात, जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या घालतात आणि मनसोक्त हसतात. गेल्या वर्षी मीही गेले. सुवीनं गाईची गोष्ट सांगितली. गाय येते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. संपली गोष्ट. एवढ्यावर माझा नवरा आडवा झाला, त्याच्यावर ती भवानी आडवी झाली, आणि दोघं वाळत घातलेली चादर दोरीवरून पडावी तशी एकमेकांत गुरफटून पडली. पाच मिनिटांत सगळी खोली आडवी. उभी एकटी मी, हातात कॉफीचा ट्रे घेऊन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीच लस मलाही शाळेत टोचली होती. माझा नुसता दंड दुखला. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या आजाराचासुद्धा हेवा वाटला. चूक आहे, कळतं मला, पण वाटला.

यंदा आर्त्तूचा त्रास वाढला. सुतारकामाच्या कारखान्यात त्याचे तास कमी केले, कारण करवतीपाशी झोप आली तर हातच जायचा. म्हणून भरपाईचा दर्जा वाढवून मिळावा असा अर्ज केला. तपासणीला कुओपिओला बोलावलं, आणि घरचं माणूस सोबत आणा म्हणाले. गाडी मीच चालवते, त्याला परवाना नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत, पिकल्या केसांच्या. त्याला बरंच विचारून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"घरी साधारण किती वेळा पडतात?"

मला माहीत होतं काय बोलायला हवं. रोज म्हणाले असते तर काम झालं असतं. पण ऑगस्टपासून सहा महिने पोटात धुमसत होतं ते जिभेवर आलं.

"एकदाही नाही," मी म्हणाले.

आर्त्तूनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे तोंड केलं.

"एकदाही नाही?" बाईंनी चष्मा काढला.

"माझ्यापुढे नाही. त्या सुवीला विचारा, तिच्याकडे हिशेब असेल. तिची गाय नुसती दारात उभी राहिली तरी हा जमिनीवर. आणि मी बोलते तेव्हा बाजारात म्हाताऱ्यांच्या कवळ्या गळतात. एकदा तर आमच्या पाद्रीबाई माझ्यापाशी पाव घ्यायला थांबल्या आणि कुणाला पुरायला निघाल्यात तेच विसरल्या. सगळ्या गावाला मी चालते, ह्यालाच चालत नाही. बाई, लशीची भरपाई सरकार देतं, तशी न हसणाऱ्या नवऱ्याची काही सोय आहे का? कुठल्या खिडकीशी जायचं? पुरावा मागितला तर ह्यालाच आणून उभा करते. उभाच राहील."

आर्त्तू खुर्चीतून उठला. "मी जरा पाणी पिऊन येतो."

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपलं संपलेलं नाही."

"बघितलंत?" मी म्हणाले. "घरी अगदी हेच. मी तोंड उघडलं की हा चालला सरपणाला. खोपीत इतकं सरपण साठलंय, की पुढची दोन हिमयुगं आम्हाला फुकट जातील. तिसऱ्याला शेजाऱ्यांना उसनं देऊ."

त्याचा खालचा ओठ सुटला. पापण्या मिटल्या. मान छातीवर आली, गुडघे गेले आणि पिठाचं पोतं घसरावं तसा तो खुर्चीवरून खाली आला.

मी धावले. पण डोकं कसं धरायचं ते मला कुठं माहीत. सुवीला माहीत आहे. बाईंनी दाखवलं तसं मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चेहरा अगदी सैल पडला होता.

"बाई, रागानंही पडतात ना ही माणसं?"

"रागानं पडतात, लाजेनंही पडतात," त्या म्हणाल्या. "उठले की विचारू."

ते मिनिट काही केल्या सरेना. परक्या बाईंपुढे मी त्याची अब्रू काढली होती, अर्ज मातीत घातला होता. हसून पडला असेल तर माझा, आणि रागानं पडला असेल तर संपलंच, असं मला वाटत होतं. शेवटी त्याचे ओठ हलले.

"हिमयुग," तो म्हणाला आणि पुन्हा गळाला.

पाणी पिऊन नीट बसल्यावर त्यानं बाईंना सांगितलं, "घरी रोज पडतो मी. खोपीत जाऊन, ओंडक्यांवर. हिला माहीत नाही."

"का सांगितलं नाही?"

तो किनाऱ्याकडचा आहे, तिथं शब्द जपून खर्चतात. "माझे बाबा फार गमत्या माणूस होते," तो म्हणाला. "मी पडायला लागलो आणि आईनं त्यांचं बोलणं बंद केलं. पोरगं पडतं, काही म्हणू नका. टीव्हीवरचं हसायचं सगळं बंद. जेवताना फक्त चमचे वाजायचे. माझ्यापायी सगळं घर मुकं झालं. हिला कळलं असतं तर हीही गप्प झाली असती."

बाईंनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. मी त्याच्यावर चिडले होते, आणि मला रडूही येत होतं. सहा वर्षांचं माझं हक्काचं हसू हा माणूस लाकडांना देत होता.

परतीला रस्ता निसरडा होता. मी दोन्ही हातांनी चाक धरलं होतं. तोंडाशी एक वाक्य आलं, चांगलं खमंग, पण मी ते गिळलं. घरी शेगडी आहे, जिना आहे, दाराचा दगडी उंबरा आहे. माझ्या एका शब्दानं ह्याचं डोकं फुटेल. सासूबाई तोंड मिटून का वाढायच्या, ते मला पहिल्यांदा कळलं.

"बघ," आर्त्तू बाहेर पाहत म्हणाला. "झालीस तू गप्प."

मी गाडी हळू केली. "सुवीपुढे कसा रे पडतोस बिनधास्त?"

"तिथं गाद्या असतात."

"आणि इथं?"

त्यानं छातीवरचा पट्टा ओढून पाहिला. "इथं पट्टा आहे."

"मग ऐक," मी म्हणाले. "तुझ्या त्या सुवीची गाय दारातच का थांबली माहितेय? आत सुवी बोलत होती."

त्याची मान पट्ट्यावर पडली. त्याला ऐकू येत होतं, म्हणून मी बोलतच राहिले.