मतदान केंद्रावर गेलेला पितळी डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पितळी, चार पुडांचा, कुंभकोणमच्या कासाराने घडवलेला. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, हनुमंतरावांच्या घरी मला पन्नासएक वर्षं झाली.

माझ्या अंगावर अक्षरं मात्र उशिरा आली. हनुमंतराव शाळामास्तर होते. त्यांच्या शाळेत रोज माझ्यातूनच जेवण जायचं. एकदा बसमध्ये डब्यांची अदलाबदल झाली आणि त्यांना कुणा परक्याचं मुळ्याचं सांबार खावं लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी खिळा आणि हातोडी घेऊन माझ्या झाकणावर बायकोचं नाव ठोकलं: वत्सला. तेही देवनागरीत. गल्लीत ते वाचणारी चार माणसंही नव्हती.

"जेवता तुम्ही आणि नाव माझं?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"भरतं कोण?" ते म्हणाले.

पुढे हनुमंतराव निवृत्त झाले. घरात हलके, रंगीत प्लास्टिकचे डबे आले आणि मी माळ्यावर गेलो. आतली कल्हई उडाली, बाहेर हिरवट डाग पडले. वत्सलाबाई गेल्या, तेव्हाही मी तिथेच होतो.

मग लोकसभेच्या मतदानाचा दिवस आला. नेमकं त्याच दिवशी वत्सलाबाईंचं वर्षश्राद्ध होतं. त्यांची सून सौम्या शिक्षिका आहे. तिला पापनाशमपलीकडच्या एका खेड्यात मतदान केंद्रावर काम लागलं. आदल्या दिवशी निघताना ती हनुमंतरावांना म्हणाली, "मामंजी, सासूबाईंचं श्राद्ध झालं असं कळेल, तेव्हाच मी घास घेईन."

हनुमंतरावांची नजर तिच्या कपाळाकडे गेली. मागच्या उन्हाळ्यात अशाच उपासात ती शाळेच्या ओसरीवर चक्कर येऊन पडली होती. कपाळाला तीन टाके पडले होते. आणि केंद्रात मोबाइल बंद ठेवावा लागतो. म्हणजे निरोप घेऊन कुणीतरी जायलाच हवं होतं.

सकाळी सातला मतदान सुरू होताच हनुमंतराव आणि त्यांचा मुलगा सुरेंद्र मत देऊन आले आणि पुन्हा आंघोळीला गेले. हनुमंतरावांची धाकटी बहीण राजम स्वयंपाकाला आली होती. सुरेंद्रच्या बोटावरची शाई पाहून ती म्हणाली, "हे असलं बोट घेऊन आईला पिंड द्यायचे?"

"धुऊन जाईना, आत्या."

"जाईल कशी? सरकारची आहे ती," हनुमंतराव म्हणाले. राजम हसली आणि वडे तळायला वळली.

दीड वाजता श्राद्ध आटोपलं. सुरेंद्र म्हणाला, "अप्पा, मी मोपेडवर जाऊन येतो."

"तू कर्ता," राजमने अडवलं. "ब्राह्मण जेवून उठले, आता तू पानावर बसायचं. आज घराबाहेर पडायचं नाही."

"मग मीच जातो," हनुमंतराव म्हणाले आणि त्यांनी प्लास्टिकचा डबा उचलला.

"अय्यो, अण्णा! श्राद्धाचं अन्न त्यात? स्टीलसुद्धा आपल्याकडे चालत नाही!" राजम म्हणाली.

तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. सुरेंद्र स्टुलावर चढला. कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. चिंच आणि राख लावून राजमने मला घासलं, इतकं की मला माझीच ओळख पटेना. तोवर हनुमंतराव कढी ओतायला पुढे सरसावले होते. आयुष्यात त्यांनी कधी डबा भरला नव्हता. मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो.

राजमने त्यांचा हात धरला. "आत बघा, कल्हई कुठे आहे? कढी कळकेल, पोरीला वांत्या होतील."

कढी राहिली. केळीचं पान जाळावर धरून मऊ केलं आणि चारही पुडांत अंथरलं. वरण, भात, वडे, तिळाचे लाडू. बस दोनची होती. "दोन घास खाऊन जा," राजम म्हणत राहिली. हनुमंतराव तसेच निघाले.

भातशेतं, कालवे, नारळी मागे पडत गेल्या. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. बसथांब्यापासून शाळेपर्यंत ते उन्हातून चालले, दोनदा मला खाली ठेवून थांबले.

फाटकावर पोलीस उभा होता. आमच्याकडे मराठी माणसाला रायर म्हणतात. तो तमिळीत म्हणाला, "रायरे, डब्यावर काय लिहिलंय? इथे उमेदवाराचं नाव आणता येणार नाही."

"उमेदवार नाही हो. माझी बायको."

"तिला आत कशाला न्यायचं?"

"ती गेली. आज तिचं श्राद्ध. सून आत आहे, काल रात्रीपासून उपाशी."

पोलिसाने माझं एकेक पूड उघडलं, हुंगलं आणि बंद केलं. मग त्याने टोपी काढली. "तुम्हाला आत जाता येणार नाही, रायरे. सावलीत बसा. मी विचारून येतो." आणि मला घेऊन तो आत गेला.

सौम्या मतदारांच्या बोटांना शाई लावत होती. ओठ सुकले होते, डाव्या हाताने तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. पोलिसाच्या हातातलं माझं झाकण तिने पाहिलं. तिला देवनागरी येत नाही, पण ते नाव ती ओळखते. श्राद्ध झालं, हे तिला मी न सांगताच कळलं. केंद्रावरच्या मोठ्या साहेबांनी तिची जागा दुसऱ्याला दिली. "पंधरा मिनिटं, टीचर."

ती मला घेऊन फाटकाजवळच्या पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली आली.

"मामंजी, एवढ्या उन्हात?"

"जेव आधी."

तिने पहिला घास उचलला, आणि हात तसाच थांबला. "तुम्ही जेवलात?"

हनुमंतराव उपरण्याने घाम पुसू लागले. सौम्याने माझं झाकण उलटं केलं, त्यात निम्मा भात, निम्मं वरण वाढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. एक वडा तिने पोलिसालाही दिला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला.

मित्रांनो, पुढच्याच आठवड्यात मला नवी कल्हई झाली. आता मी स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. एवढी माया मिळेल असं माळ्यावर असताना मला वाटलं नव्हतं. तुमच्याही माळ्यावर कुणी माझ्यासारखं असेल, तर त्याला खाली उतरवा, घासा, कामाला लावा. आणि तुमच्यासाठी कुणी डबा घेऊन आलं, तर झाकण उघडण्याआधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघा आणि विचारा, तुम्ही जेवलात का?