अकरा ऑक्टोबरची यादी

"बाइके, यादी उघडली खरी, पण पहिलं नाव जुनुशआलींचं कसं? ते तर जानेवारीतच गेले. मी स्वतः त्यांच्या घरी रडायला गेले होते!"

नर्स सोनुन संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवत होती. तेमिरकुलने चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड पडद्याजवळ नेलं. यादीच्या डोक्यावर तारीख होती अकरा ऑक्टोबर. बाहेर मार्चचा बर्फ वितळत होता.

बावीस वर्षं हा माणूस त्या डोंगरातल्या दवाखान्याच्या तारा जोडत आला होता. कुणाचा प्रिंटर अडो, कुणाचा पासवर्ड हरवो, हाक एकच, बाइके, म्हणजे दादा! गुरुवारी विजेचा असा झटका आला की मुख्य संगणक जळून कोळसा झाला. तीन दिवस खपून त्याने नवा संगणक उभा केला आणि जपून ठेवलेल्या डिस्कवरून सगळं परत चढवलं. यंत्र सुरू झालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी गरम नान आणून दिला. आणि आता ही तारीख. काय झालं ते त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती.

ऑक्टोबरात मोठे डॉक्टर सागिनबेक यांनी वडिलांचं वर्षश्राद्ध, म्हणजे आश, घातलं होतं. नमद्याचे नऊ युर्ता-तंबू, चारशे पाहुणे, घोड्यांच्या शर्यती, चार कॅमेरे. डॉक्टर म्हणाले होते, "बाइके, हे चित्रण तुमच्या डिस्कवर ठेवा. घरी नातवंडं पुसून टाकतील." ठेवलं. दर शुक्रवारी मुख्य संगणकाची नक्कल जिच्यावर उतरायची, ती डिस्क काठोकाठ भरली. पुढच्या शुक्रवारपासून संगणक दर आठवड्याला सांगायचा, जागा नाही, नक्कल झाली नाही. तेमिरकुलने दोनदा ते चित्रण पुसायला बोट उचललं. पण त्यात गावच्या म्हाताऱ्यांनी मेलेल्यासाठी मागितलेली दुआ होती. ती पुसायची? छे छे, असलं पाप कोण घेईल डोक्यावर! नवी डिस्क मागितली तर डॉक्टर म्हणत, पुढच्या महिन्यात. मग हा 'नंतर' दाबायचा आणि चहाला जायचा. पाच महिने गेले.

बाकी कागद गेले असते तर कुणी जीव दिला नसता. पण ही यादी मूत्रपिंडं निकामी झालेल्यांची होती. रक्त धुवायची यंत्रं चार. यंत्रावरचं कुणी मेलं की जागा रिकामी, रांगेतलं कुणी मेलं की रांग पुढे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी आपली मेहुणी मध्येच घुसवली, बोभाटा झाला, आणि तेव्हापासून संगणकाची यादी म्हणजे ब्रह्मवाक्य. नाव काढायचं तर मृत्यूचा दाखला लावून वरच्या कचेरीत पाठवायचा, त्याला आठवडा. नवं नाव फक्त तळाला.

तेमिरकुलची बायको बुबुइरा नोव्हेंबरात यादीत आली होती. चढत चढत पहिली झाली होती. सोमवारी तिची पाळी होती. या यादीत ती नव्हतीच.

तो धावतच डॉक्टरांकडे गेला.

"साहेब, वरच्या कचेरीला फोन केला. नकला का थांबल्या ते तुमच्या सहीनं लिहून दिलं, तर ते नर्सच्या वहीतली, कागदावरची आजची यादी मानतील."

"आणि काय लिहू? बापाच्या आशपायी?"

"माझा हलगर्जीपणा लिहा. माझीच चूक आहे."

"लिहिलं की चौकशी आली. चौकशी आली की ती डिस्क उघडणार."

"पुसून टाकतो."

"पुसलं तरी त्यांना कळतं. आणि पुसणार? माझ्या बापाला?" डॉक्टर उठून उभेच राहिले. मग खाली बसले, आवाज उतरला. "चित्रण शाबूत आहे ना?"

"आहे."

"देवाची कृपा. वहिनींचं नाव तळाला घाला. नियम सगळ्यांना सारखा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण आपण तरी कुठले संन्यासी, हे तेमिरकुलला पक्कं ठाऊक होतं. 'नंतर' दाबणारं बोट त्याचंच होतं. त्याच बोटानं त्याने बायकोचं नाव लिहिलं. पंधरावं.

सोमवारी सकाळी बुबुइरा तरीही आली. पाय सुजून बुटात मावत नव्हते, म्हणून नवऱ्याच्या चपला घालून आली. बाकावर बसली, धाप लागली होती.

"कितवी?"

"पंधरावी. बुबुइरा, मी... दर शुक्रवारी मला दिसत होतं गं."

"गप बस. रडायचं तर घरी रड. आज पहिलं कोण?"

"जुनुशआली."

"तो? उभ्या जन्मात कधी वेळेवर आला नाही. आता येतोय होय!" ती हसली, आणि हसताना तिला खोकला आला.

नियम असा की यादीतल्या पहिल्या माणसाला तीनदा हाक मारायची. नाही आला तर ती पाळी रिकामी सोडायची, पुढच्याला द्यायची नाही. नाहीतर लोक गैरहजेऱ्या विकत घेतात.

सोनुन दारात आली. मागे यंत्र तयार होतं, नव्या नळ्या लावलेल्या होत्या. तिने बुबुइराकडे पाहिलं नाही.

"जुनुशआली!"

बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मेलेल्याचं नाव ऐकलं आणि सवयीनं दुआ पुटपुटत तळवे चेहऱ्यावरून फिरवले. बुबुइरानेही फिरवले.

"जुनुशआली!"

तेमिरकुल उठला. "सोनुन, अगं तू स्वतः रडायला गेली होतीस ना त्याच्या घरी?"

"गेले होते, बाइके." तिचे डोळे भरले. "दाखला पुन्हा पाठवलाय. वरून मंजुरी आली नाही अजून."

बुबुइराने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं.

"जुनुशआली!"

सोनुन अर्धा तास दारात उभी राहिली. मग तिने वहीत जुनुशआलीच्या नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं आणि दार लावून घेतलं.