सकाळचे नऊ व्होल्ट

मी धाकट्या भावावर जळतो. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सोपं जातं. त्याला कामाला मीच लावला, मीटर कसा धरायचा तेही मीच शिकवलं, आणि तीन वर्षांत तो माझ्या शेजारच्या टेबलावरून आतल्या खोलीत गेला. त्याच्या खोलीला दार आहे. माझ्या पाठीशी झेरॉक्सचं मशीन आहे.

आमचं काम गॅसच्या पाइपलाइनवर. बारा किलोमीटर ती उच्चदाबाच्या वीजवाहिनीला लागून जाते. वरच्या तारा जमिनीतल्या पाइपला शिवतही नाहीत, तरी त्यांच्यातून प्रवाह धावला की त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पाइपवर व्होल्टेज चढतं. पंधराच्या वर गेलं की उघडा हात लावायचा नाही, असा आमचा नियम. त्यासाठी जागोजागी मोजणीचे खांब रोवलेत. एकोणीस वर्षं मी ते मोजतोय, सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत. सातव्या खांबावर नऊ व्होल्ट. फार तर साडेनऊ.

गुरुवारी त्याच खांबाजवळ पाइप उघडून व्हॉल्व्ह बदलायचा होता. आठ फिटर, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. बुधवारच्या बैठकीत धाकटा उभा राहिला.

"मी काल संध्याकाळी सातव्या खांबावर मोजलं. एकतीस आले."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मीटर उलटा धरला असशील," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. चिडत नाही मेला, तेच मला सहन होत नाही.

"दादा, संध्याकाळी विजेची मागणी वाढते, तारांतला प्रवाह वाढतो. तू एकदा त्या वेळी बघ ना."

"माझी एकोणीस वर्षांची वही आहे. तुझी एक संध्याकाळ."

साहेबांनी वही चाळली आणि काम ठरल्याप्रमाणेच ठेवलं. दुपारचा डबा मला कधी नव्हे इतका गोड लागला.

त्याच संध्याकाळी मी एकटाच खांबापाशी गेलो. धाकट्याचा आकडा खोटा पाडायला, दुसऱ्या कशाला नाही. एक वायर पाइपच्या जोडणीला लावली, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. पाचला अकरा आले. मी शीळ घातली. सहाला सतरा. शीळ थांबली. मीटरच्या बॅटऱ्या बदलल्या, सळई उपसून, पाणी ओतून पुन्हा ठोकली. सातला बत्तीस.

म्हणजे त्याने एक कमीच सांगितला होता.

मी तिथेच दगडावर बसलो. एकोणीस वर्षं खरंच लिहिलं होतं, फक्त उन्हाच्या कंटाळ्याने एकाच वेळेचं. आसपास चिटपाखरू नव्हतं. गप्प बसावं, उद्या काही झालं नाही तर धाकटा आपोआप तोंडघशी पडेल, हेही मनात आलं. कबूल करतो, आलं. पण त्या आठांत एक फिटर आहे, हातमोजे काढूनच नट पिळतो. मोज्यांतून अंदाज येत नाही म्हणतो. त्याचे ते उघडे हात डोळ्यांसमोरून हलेनात.

मी फोन लावला. "साहेब, उद्याचं काम थांबवा. माझी मोजणी अपुरी आहे."

"दुपारीच थांबवलंय की!" साहेब म्हणाले. "धाकटा आला होता. म्हणाला, दादालाच शंका आलीय, संध्याकाळी स्वतः मोजायला जाणार आहे. अर्थिंग करून रबरी चटया टाकल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी सूचना लावलीय फळ्यावर. तुमच्या नावाने."

मी त्याला एका शब्दाने काही बोललो नव्हतो. मी जाणार, मोजणार आणि फोनही करणार, हे तो धरूनच चालला होता. माझा मला तेवढा भरवसा नव्हता. आता तरी जळफळाट थांबावा की नाही? उलट वाढला.

"माणूस असावा तर तुमच्यासारखा," साहेब म्हणत होते. "स्वतःच्या वहीवरची शंका तुमची तुम्हालाच आली ना?"

"हो," मी म्हणालो. "मलाच."