सातची बाकी

साडूंचं पत्र वाचता वाचता निवृत्त गणित मास्तरांचा चहा गार झाला. "तुमच्या संख्येला सातने चक्क भाग जातो हो!" असं साडूंनी लिहिलं होतं. त्या 'हो'मधलं हसू मास्तरांना घरबसल्या ऐकू आलं.

गणित मंडळाच्या अंकात गेल्याच आठवड्यात मास्तरांची मूळ संख्या छापून आली होती: १५४५८८६३. तिला एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानेच भाग जात नाही, हे ठरवायला चार महिने आणि पाचशे शेहेचाळीस भागाकार लागले होते. पहिले शंभर बायकोने केले, उरलेले मास्तरांनी. नाव मात्र एकट्या मास्तरांचं छापलं होतं.

त्यांनी छापील संख्या सातने भागली. बाकी शून्य!

संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. छापखान्याने घोळ घातला असेल? मास्तरांनी वही काढून नवाचा ताळा पाहिला. वहीतल्या अंकांची बेरीज चाळीस, छापील अंकांचीही चाळीस. ताळा जमला की मागे वळून बघायचं नाही, ही त्यांची शाळेपासूनची शिस्त. म्हणजे छपाई बरोबर. मग सातचा भागाकार कुणाच्या वाट्याला होता?

बायको मटार सोलत होती.

"तू सातने भागलंच नव्हतंस."

"भागलं होतं. बाकी एक आली होती."

"कंटाळा आला तर सांगायचं! की बहिणीशी संगनमत करून साडूपुढे माझं नाक कापायचं होतं?"

तिचा असा चेहरा मास्तरांनी कधी पाहिला नव्हता. बोलून गेल्याचा त्यांना लगेच पस्तावा झाला, पण शब्द तोंडातून सुटला होता. तिने हात पुसले, वही ओढली आणि त्यांच्यासमोर भागाकार केला. बाकी एक.

मग तिने छापील अंक वहीशेजारी ठेवला आणि एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. चौथ्यापाशी बोट थांबलं. वहीत आठ-पाच, छापील पाच-आठ.

"जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते, अहो."

"बघ! छापखानाच तो..."

तिने कपाटातून मंडळाला पाठवलेल्या कागदाची कार्बन कॉपी आणून पुढे ठेवली. मास्तरांच्या वळणदार अक्षरात पाच-आठ. काखेत कळसा होता.

"दुरुस्ती पाठवतो," ते पुटपुटले. "तुझंही नाव घालतो."

"घाला." ती पुन्हा मटारांकडे वळली. "साडू झाले, छापखाना झाला, मीही झाले. स्वतःच्या हाताचा संशय तेवढा तुम्हाला आला नाही. संख्या मी लिहीन."