दाराला ओरखडा नव्हता

“हे नको, काका. याहून भारी दाखवा,” मोजणीदार म्हणाला, आणि कुलूपवाल्याच्या हातातलं कुलूप निसटून काउंटरवर आदळलं.

चौदा महिन्यांनी तुरुंगातून सुटून आला होता मोजणीदार. ना खटला, ना आरोप. संशय होता, फिटला, जा घरी! नोकरी मात्र गेली होती. घरात पुलाचे नकाशे सापडले म्हणून धरलं होतं. मोजणीदाराच्या घरात नकाशे नाही तर काय लाटणी सापडणार? पण बाजारातल्या स्फोटात एकोणीस माणसं गेली होती, आणि तेव्हा असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

कुलूपवाल्याचीही नव्हती. मालक शेजारी उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, हा वडिलांचा नियम त्याने चाळीस वर्षं पाळला होता. त्या दुपारी साध्या कपड्यातले तिघे पोलीस त्याला मोजणीदाराच्या दाराशी घेऊन गेले. मोजणीदार आईला घेऊन दवाखान्यात गेला होता.

“साहेब, घरमालकाला येऊ द्या. नाहीतर कोर्टाचा कागद तरी...”

“एकोणीस माणसं मेलीत आणि तुला कागद हवाय? उद्या पुन्हा स्फोट झाला तर तू जबाबदार!”

कुलूपवाल्याच्या मेव्हण्याचा हात त्याच स्फोटात गेला होता. त्याने तार घातली. दोन मिनिटांत कुलूप उघडलं, तेही इतक्या सफाईने की क्षणभर त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. ते कौतुक आठवलं की आजही त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

“तुम्ही नसतं उघडलं तर त्यांनी तोडलं असतं,” बायको समजूत काढायची.

“तोडू द्यायचं होतं. पाप त्यांचं झालं असतं,” तो म्हणायचा आणि ताटावरून उठायचा.

आता त्याने वरच्या फळीवरचं सगळ्यात भारी कुलूप काढलं. “याला तार चालत नाही,” तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मोजणीदाराने कुलूप दोनदा उघडून पाहिलं. “त्या दिवशी दाराला साधा ओरखडा नव्हता, काका. आत बसून मी तेवढ्याचाच विचार करत होतो. असा हात इथं एकाचाच.”

कुलूपवाल्याची मान खाली गेली.

तीन किल्ल्यांपैकी दोन मोजणीदाराने खिशात टाकल्या. तिसरी त्याने पुढे सरकवली. “ही तुमच्याकडे ठेवा. आई आता अंथरुणातच असते. तिला आत ठेवून, कुलूप लावून मी काम शोधायला जातो. ते परत आलेच, तर दार तोडू देऊ नका. तुम्हीच उघडा. आवाज झाला की तिचा जीव घाबरा होतो.”

तो पायऱ्या उतरला.

“मोजणीदार!” कुलूपवाल्याने हाक मारली. माफीचे शब्द चौदा महिने घोकलेले होते. मोजणीदार वळून थांबला.

“कुलपाला महिन्यातून एकदा तेल देत जा,” कुलूपवाला म्हणाला.

“देईन, काका.”

तो गेला. भिंतीवर किल्ल्यांसाठी पन्नास खिळे होते. कुलूपवाला ती किल्ली मुठीत धरून नुसताच उभा राहिला.