काळी तीन

रोह्याच्या राममंदिरातून उत्सवात गाण्याचं बोलावणं आलं, तेव्हा गोदूबाईंनी आधी देवापुढे दिवा लावला आणि मगच हो म्हटलं. मिरजेला बुवांकडे ख्याल शिकून त्या संगीत नाटकांच्या कंपनीत शिरल्या होत्या. याच रोह्यात त्यांच्या पदाला लोक ‘वन्समोअर’ ओरडून तंबू डोक्यावर घेत. पुढे कंपनी बंद पडली. त्या पेणला आल्या, गणपतीच्या कारखान्याशेजारी खोली घेऊन मुलींना गाणं शिकवू लागल्या, त्यात रमल्याही. फक्त वरचा सूर हल्ली फाटायचा. हे त्यांच्याखेरीज पेटीवाल्या महिपतीलाच ठाऊक होतं.

रोह्याच्या एस.टी.त त्याने विषय काढलाच.

“बाई, काळी चारचा हट्ट सोडा. पेटीची पट्टी एक घर खाली उतरवू. काळी तीनमध्ये गा.”

“म्हणजे गोदू म्हातारी झाली, अशी दवंडीच पिटायची?”

“दवंडी कशाला? तोंडाकडे बघून कळतंय की.”

“मेल्या, आज उपास आहे माझा. शिव्या द्यायला लावू नकोस.”

हसल्या खऱ्या, पण मनात हिशेब चालूच होता. त्याच गावात सूर फाटला तर कमावलेलं नाव तिथेच बुडणार.

सभामंडपात महिपती पेटीवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. गोदूबाईंनी रामाकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाल्या, “तीन.”

वरचा सूर लागला. पूर्वीसारखा झळाळता नव्हे, पण अख्खा. आणि खालच्या ज्या जागा त्या तरुणपणी धावत ओलांडायच्या, तिथे आज निवांत टेकल्या. पद संपलं. वन्समोअर काही आला नाही. गोदूबाई काय ते समजल्या. तंबोरा खाली ठेवून त्या उठल्या.

पुढ्यात बसलेली मिठागरावरची बायजाबाई बोलली, “गो बाय, उठलीस कशाला?”

“संपलं की पद.”

“संपलं तं काय झालं? तेच गा परत. आमाला काय घाई नाय.”

“तेच?”

“व्हय, तेच. खालचं बरं वाटतंय, जिवाला लागतंय.”

मागून दोघीतिघी म्हणाल्या, “गा गो बाय.”

महिपती मिशीत हसला. “आता चार देऊ?”

“गप रे. तीनच,” म्हणत गोदूबाईंनी पदर सावरला आणि पुन्हा मांडी घातली.